परदेशी खरेदीदार, गोव्यातलं घर आणि १८२ दिवसांचा घोळ

कंपनी सरकार एकेकाळी आपल्याच गोऱ्या लोकांना मुलखात जमिनी घेऊ देत नसे. ती आडकाठी १८३३च्या सनदी कायद्याने गेली. गोव्यात परदेशी माणसाने घर घ्यावं की नाही, या आजच्या वादाचं मूळ मात्र १९७३च्या फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्यात आहे. त्याचं कलम ३१ सरळ नागरिकत्व विचारायचं. भारताचे नागरिक नसाल तर खरेदी, विक्री, गहाण, बक्षीसपत्र, सगळ्याला रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी हवी. सूट फक्त पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला.

१ जून २००० पासून फेराच्या जागी फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा आला आणि प्रश्नच बदलला. पासपोर्ट कुठला यापेक्षा राहता कुठे, हे महत्त्वाचं ठरलं. काही देशांचे नागरिक वगळता 'भारतातील निवासी' परदेशी माणूस परवानगीविना घर घेऊ शकतो. निवासी म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक इथे राहिलेला. गोव्याचा सीझन मोजून पाहा : १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, बरोबर १८२ दिवस! लीप वर्षी १८३. गणपतीच्या सुमारास आलेला आणि मार्चअखेरपर्यंत राहिलेला पर्यटक आकड्यांत आरामात बसायचा.

पण व्याख्येचं दुसरं अर्धं दिवस मोजतच नाही. नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळ राहण्याचा इरादा दिसेल असं कारण नसेल, तर माणूस निवासी नाही. पर्यटक व्हिसा ही तर परत जाण्याची कबुलीच. एजंटांनी सोयीने पहिलं अर्धं वाचलं आणि खरेदीखतं नोंदली गेली. अखेर २००९च्या सुरुवातीला केंद्राला खुलासा काढावा लागला की नोंदणी करताना व्हिसाचा प्रकारही तपासा. ओरड झाली ती परदेश्यांविरुद्ध. खतं लिहून देणाऱ्यांबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

ज्यांच्या नागरिकांना परवानगी सक्तीची, त्या देशांची यादी २०१८पर्यंत ८ वरून ११वर गेली. फेरा रद्द होऊन वीस वर्षं उलटल्यावर, फेब्रुवारी २०२१मध्ये, बंगळुरूतल्या १९७७च्या एका बक्षीसपत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कलम ३१ची परवानगी नसलेला व्यवहार कायद्याने टिकत नाही; आधीच निकाली निघालेली प्रकरणं मात्र उकरायची नाहीत.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला; त्यापूर्वी तिथे जन्मलेल्यांचे वंशज पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिकडचं नागरिकत्व घेतात, आणि आपल्याच वाड्यावर परदेशी ठरतात. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) काढलं तर त्यांना फ्लॅट घेता येतो, वारसाने आलेलं शेत-भाट, म्हणजे शेती-बागायतही, ठेवता येतं. शेजारची शेतजमीन विकत घ्यायची म्हटली, की नाही.