गूढ शब्दकोडे : रचना, उकल आणि नाशिकची नावे

सूत्र, म्हणजे उत्तर सुचवणारे वाक्य, वाचताच जो अर्थ मनात येतो तो बहुधा चकवा असतो आणि उत्तर सूत्रातल्या शब्दांच्या मोडतोडीतून काढावे लागते, अशा शब्दकोड्याला गूढ शब्दकोडे म्हणतात. साध्या कोड्यात ‘कमळ (३)’ असे विचारले की पंकज, नीरज, सरोज यांतले जे घरांत बसेल ते लिहून मोकळे व्हायचे. गूढ कोड्यात त्याच जागी ‘कलम मोडून लावले, आले फूल (३)’ असे येते. वाचणाऱ्याला रोपवाटिका आठवते, आणि तिथेच तो फसतो. ‘मोडून’ ही बागकामाची नव्हे, अक्षरे विस्कटण्याची सूचना आहे. क-ल-म विस्कटून नव्याने मांडले की ‘कमल’ होते, आणि ‘फूल’ हा त्याचा अर्थ सूत्राच्या शेवटी उघडा पडलेला असतो.

प्रत्येक सूत्राचे असे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, उरलेल्या भागात शब्दखेळ. दोन्हींतून एकच शब्द निघाला की उत्तर बरोबर, मग दुसऱ्या दिवशीचा अंक उघडून पाहण्याची गरज राहत नाही. कंसातला आकडा घरांची संख्या सांगतो. या नोंदीतली सूत्रे नाशिक आणि आसपासच्या नावांवर, तसेच काही साध्या शब्दांवर, याच नोंदीसाठी रचली आहेत. नावे ओळखीची असली की लक्ष उत्तरापेक्षा युक्तीकडे राहते.

इतिहास. आजच्या शब्दकोड्याचा पूर्वज २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी तो रचला होता. गूढ वळण मात्र इंग्लंडात लागले. १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅथर्स ‘तोर्केमादा’ या नावाने कोडी देऊ लागले. हे नाव स्पेनमधल्या धर्मन्यायसभेच्या छळवादी प्रमुखाचे, म्हणजे कोडेकाराने सोडवणाऱ्याशी कसे वागायचे ठरवले होते ते नावातच आले. त्यांच्यानंतर १९३९मध्ये ‘झिमेनेस’ नावाने डी. एस. मॅकनट आले. त्यांनी १९६६मध्ये आपल्या ग्रंथात न्याय्य सूत्राची कसोटी लिहून ठेवली : नेमका अर्थ हवा, प्रामाणिक शब्दखेळ हवा, आणि या दोहोंपलीकडे एकही फालतू शब्द नको. त्याआधी १९४९मध्ये ‘आफ्रित’ टोपणनावाच्या कोडेकाराने हाच दंडक वेगळ्या शब्दांत मांडला होता. त्याचा आशय असा, की कोडेकार जे बोलतो तेच त्याला म्हणायचे असेल असे नाही, पण त्याला जे म्हणायचे आहे ते त्याने बोललेले असलेच पाहिजे. जानेवारी १९४२मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. तिच्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कच्या सांकेतिक लिपी फोडणाऱ्या कचेरीत बोलावले गेले. भारतात ‘द हिंदू’मध्ये इथल्याच कोडेकारांची इंग्रजी गूढ कोडी येतात. मराठी दैनिकांतली कोडी बहुतांशी समानार्थी शब्दांचीच राहिली.

देशी घराणे. कोड्याची चौकट परदेशी असली तरी आतली खोड आपल्याकडे फार जुनी आहे. दंडीच्या ‘काव्यादर्श’ या संस्कृत ग्रंथात प्रहेलिकेचे, म्हणजे शब्दांच्या कोड्याचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. महाभारताच्या आदिपर्वात व्यासांच्या ८,८०० कूट श्लोकांचा उल्लेख येतो. गणपती भराभर लिहायचा, म्हणून त्याला अर्थापाशी थबकायला लावणारे श्लोक व्यास मध्येच पेरत, अशी ती कथा. एका प्रसिद्ध सुभाषितात केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद होतो आणि कौरव रडू लागतात. शब्द फोडले की ‘के शवम्’, म्हणजे पाण्यात प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात असल्याने कावळ्याला ते मिळते, कोल्ह्यांना मिळत नाही. वर महाभारत, खाली नदीकाठचे कावळे-कोल्हे : गूढ सूत्राचा याहून चांगला नमुना इंग्रजीतही सहज सापडायचा नाही. मोरोपंतांनी ओठ न लावता म्हणायचे ‘निरोष्ठ रामायण’ रचले, तेही याच जातीचे. आणि वाल्याने ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम’ गाठला, ही उलट सूत्राची आद्य गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलाने आजीकडून ऐकलेली असते.

अक्षराचे घर. इंग्रजीत एका घरात एक वर्ण येतो. मराठीत एका घरात सबंध अक्षर येते, मग त्याला काना असो, वेलांटी असो की तीन व्यंजनांचा जोड असो. ‘सिन्नर’ तीन घरांचे, ‘त्र्यंबक’ही तीनच घरांचे, आणि ‘त्र्यं’ एवढा ऐवज एकाच घरात. यामुळे सगळा खेळ बदलतो. मात्रा व्यंजनाला चिकटून राहते, म्हणून अक्षरे विस्कटण्याची युक्ती मराठीत लंगडी पडते. ‘कसरत’चे ‘सरकत’ होते, ‘कलम’चे ‘कमल’ होते, पण असे शब्द मोजकेच. इंग्रजी कोडेकार ज्या युक्तीवर निम्मे कोडे उभारतो तिच्यावर मराठी कोडेकाराने फार विसंबू नये.

भरपाई दुसरीकडून होते. पदे तोडून जोडणे, म्हणजे जुन्या अलंकारशास्त्रातला सभंग श्लेष, मराठीला सहज साधतो. ‘निवाडा देणाऱ्याने वैद्याची गोळी घेऊन गाठला सीतेचा मुक्काम (४)’ : पंच + वटी = पंचवटी. नावामागची परंपरा पाच वडांची आहे, आणि कोड्यात मात्र क्रिकेटचा पंच आयुर्वेदाची वटी गिळतो. ‘चित्तापुढे नारळीचे झाड, म्हणजे रेल्वे जंक्शन (४)’ : मन + माड. इथे कुणाला चित्ता दिसला तर त्याने सामान्यरूप आठवावे. प्राणी असता तर ‘चित्त्यापुढे’ झाले असते.

उलटे वाचणेही अक्षरशः सोपे आहे. ‘काढा’ उलटला की ‘ढाका’, ‘वारा’ उलटला की ‘रावा’. ‘नवी वीण उलटून पाहिली, तर शूर्पणखेने नाक गमावले ती जागा (४)’ : नव + पोत, उलट ‘तपोवन’. कपिला-गोदावरी संगमाजवळचे हे स्थान लोकपरंपरेने त्या प्रसंगाशी जोडले आहे. लपलेला शब्द शोधायचा तर मराठीचे प्रत्ययच मदतीला येतात. ‘आठवणीत दडलेले देवीचे गाव (२)’ याचे उत्तर ‘वणी’. सूत्र इतके उघडे आहे, की बहुतेक जण त्यावरून दोनदा पुढे जातात.

संक्षेपांचा साठा तर लग्नपत्रिकांनीच पुरवला आहे : चि., सौ., कै., श्री., रा. रा. ‘चिरंजीव थोडक्यात, पुढे पावातला जोडीदार, झाला नाशिकचा खाऊ (३)’ : चि. + वडा = चिवडा. चिन्हांची भर घालणे हीसुद्धा देवनागरीचीच मिरास. ‘सरणावर टिंब, की काळजी (२)’ : चिता, चिंता. दोहोंत एका बिंदूचाच फरक, हे सुभाषितकारांनी कधीच सांगून ठेवले आहे.

एक अक्षर काढून दुसरे घालण्याच्या युक्तीला मराठीत आयते नाव आहे, ‘ध चा मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, अशी आख्यायिका तेव्हापासून चालत आली. त्याच आनंदीबाईंच्या नावावरून नाशिकजवळच्या गोदाकाठच्या गावाला आनंदवल्ली म्हणतात. तेव्हा ‘संपत्तीत आनंदीबाईंनी हात घातला, मिळाली प्रतिष्ठा (२)’ हे सूत्र नाशिककराला विचारायला हरकत नाही. धन, त्यातल्या ध चा मा, म्हणून ‘मान’.

एका अवघड सूत्राची उकल. ‘फुलाच्या थोरल्या भावाने संधी साधली आणि मिळवले ज्ञानपीठ (५)’. पहिल्या वाचनात डोळ्यांपुढे कुणीतरी हिकमती गृहस्थ उभा राहतो. सरावलेला माणूस हे चित्र पुसतो आणि दोन्ही टोके तपासतो. ‘फूल’ हा अर्थ असेल तर ज्ञानपीठ शब्दखेळात कुठे बसणार? म्हणून अर्थ शेवटी धरायचा : ज्ञानपीठ मिळवणारा. मराठीत ते वि. स. खांडेकर (१९७४), वि. वा. शिरवाडकर (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४) यांना मिळाले. घरे मोजली तर खांडेकर चार, शिरवाडकर सहा, नेमाडे तीन. पाच घरांत बसतात फक्त करंदीकर. इथे बरेच जण घाईने क-रं-दी-क-र लिहून मोकळे होतात आणि मग शेजारचा उभा शब्द काही केल्या जमत नाही.

पण करंदीकरांत फूल कुठे आहे, थोरला भाऊ कुठे आहे? शब्दखेळाचा हिशेब लागत नसेल तर उत्तर घरांत बसूनही चूकच असते. समजा तिसऱ्या घरातून ‘मनमाड’ उभे उतरते आहे आणि त्याचे ‘मा’ इथे पडले आहे. मराठी कोड्यात असा आडव्या-उभ्याचा छेद फार बोलका असतो, कारण त्यातून व्यंजन आणि स्वर दोन्ही हाती येतात. ‘दी’ बाद. आता ‘थोरला भाऊ’ याला संस्कृत शब्द हवा : अग्रज. ‘फूल’ : कुसुम. मग ‘संधी साधली’ याचा खरा अर्थ उलगडतो. संधी म्हणजे मौका नव्हे, व्याकरणातला संधी. कुसुम + अग्रज, अ आणि अ मिळून आ, म्हणून कु-सु-मा-ग्र-ज. तिसऱ्या घरातला ‘मा’ हा संधीतूनच जन्मलेला आहे. शिरवाडकरांनी हे टोपणनाव कुसुम या बहिणीवरूनच घेतले होते, त्यामुळे सूत्र चकवते पण खोटे बोलत नाही. ‘फूल’ मात्र चकवाच : त्यांच्या नावातले कुसुम बागेतले नव्हे, घरातले होते.

संधी पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हाही इथे खरा पेच. व्याकरणातला ‘तो संधी’, मौक्याची ‘ती संधी’. काटेकोर माणूस म्हणेल, की ‘साधली’ने व्याकरणाचा अर्थ बाद होतो. माझ्या मते आफ्रितच्या दंडकाने हे सूत्र निसटते उत्तीर्ण होते, कारण वरवरच्या वाक्याचे व्याकरण शुद्ध आहे. हा वाद मराठीतच घालता येतो. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही. मराठीत ‘आला’, ‘झाली’, ‘मिळाले’ यांतून उत्तराचे लिंग फुटते, आणि कसबी कोडेकार त्याचाच चकवा करतो.

आणखी एक दुर्मीळ जात : सबंध सूत्र हेच अर्थ आणि तेच शब्दखेळ. ‘नाशिककरांच्या नदीचा लोंढा, तो अडतो येथे (४)’. नाशिककर गोदावरीला सरसकट ‘गंगा’ म्हणतात. गंगा + पूर = गंगापूर, आणि गंगेचा पूर अडवणारे गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगालाच आहे. पाणी सुटले की लोक रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले ते बघतात. बाहेरगावच्या माणसाला ‘गंगा’ सुचणार नाही, म्हणून हे सूत्र गावापुरते न्याय्य आहे.

फोड लिहिण्याची रीत. कोडे सोडवण्याइतकेच ते समजावून देणे हे वेगळे कसब आहे. उत्तराची यादी म्हणजे फोड नव्हे. फोडीत अर्थाचा भाग अधोरेखित करतात, शब्दखेळाचे तुकडे अधिक चिन्हाने जोडतात, सूचक शब्द (‘मोडून’, ‘उलटून’, ‘दडलेले’, ‘पोटात’) वेगळा दाखवतात. प्रत्येक शब्दाचा जाब मिळाला पाहिजे. ‘गोरीच्या पोटात वणवा, वर मात्र नदी (४)’ याची फोड अशी : गो(दाव)री. ‘गोरी’च्या दोन अक्षरांमध्ये ‘दाव’, म्हणजे रानातला वणवा, जो ‘दावानल’ शब्दात अजून जिवंत आहे. उत्तर गोदावरी, अर्थ ‘नदी’. ‘वर मात्र’ हे जोडशब्द तेवढे सांधा म्हणून चालतात, आणि झिमेनेसचा कडवा अनुयायी त्यांच्यावरही नाक मुरडेल.

लेखनभेदाचा प्रश्न सोडवणाऱ्यांत कायम धुमसतो. आडवा शब्द ‘पि’ मागतो, उभा ‘पी’ देतो, तेव्हा कोडे फसले असेच धरावे. ह्रस्व-दीर्घाची सवलत देणारी कोडी छापली जातात, पण गूढ कोड्यात ती सवलत म्हणजे कोडेकाराचा आळस. जिथे नावाचीच दोन लेखने रूढ आहेत तिथे पेच अधिक वाढतो. नासिकेवरून ‘नासिक’ म्हणणारे आहेत, नऊ टेकड्यांवर वसले म्हणून नाव पडले असे सांगणारेही आहेत. ‘आधी नकार दे, मग धडा घे, द्राक्षांच्या गावी (३)’ हे सूत्र मात्र एकाच पक्षाचे आहे : ना + शिक. ‘नासिक’ लिहिणाऱ्याला ते सुटत नाही.