युरिएज: प्रथिन की नुसता वाहक? एका वादाची पार्श्वभूमी

युरियापासून अमोनिया करणाऱ्या युरिएज या विकराचा (एन्झाइमचा, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या जैविक पदार्थाचा) आज उल्लेख होतो तो खतांच्या किंवा जठराच्या संदर्भात. पण त्याचे खरे महत्त्व ठरले १९२६ मध्ये. त्या वर्षी एका अमेरिकी संशोधकाने जॅक बीन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांचे पीठ पातळ ॲसिटोनमध्ये कालवले, गाळले आणि गाळलेले द्रावण रात्रभर थंडीत ठेवले. सकाळी त्यात बारीक अष्टफलकी स्फटिक दिसले. नऊ वर्षांची ती खटपट, आणि करणाऱ्याला हात एकच होता. स्फटिक प्रथिनाचे होते आणि युरियावर मूळ अर्कापेक्षा कितीतरी जोमाने काम करत होते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला: विकर म्हणजेच प्रथिन.

हे सहज पचले नाही. नोबेल मिळवलेल्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाचे मत उलटे होते. त्याच्या शुद्ध केलेल्या विकर-द्रावणांत प्रथिनाचा मागमूस लागत नसे, तरी क्रिया चालूच असे. म्हणून प्रथिन हा नुसता वाहक, खरे काम त्याला चिकटलेल्या एखाद्या लहान रेणूचे, असे तो मानी. चूक परीक्षणांत होती. विकर इतके प्रभावी की त्याचा अंशही पुरे, आणि तो अंश पकडण्याइतकी तेव्हाची परीक्षणे बारीक नव्हती. १९३० मध्ये पेप्सिन या जठरातल्या पाचक विकराचे स्फटिक मिळाले तेव्हा पारडे फिरले. १९४६ मध्ये युरिएजचे स्फटिक मिळवणाऱ्या त्या अमेरिकी संशोधकाला नोबेलही मिळाले.

मग १९७५ मध्ये जॅक बीनच्याच युरिएजमध्ये निकेल सापडले. म्हणजे ‘चिकटलेले काहीतरी’ होतेच! तरीही यातून जुन्या विरोधकांची बाजू खरी ठरते, असे म्हणणे मला पटत नाही. क्रियास्थानातले (विकराच्या ज्या भागात क्रिया घडते तिथले) निकेलचे दोन अणू जागेवर धरतात ती प्रथिनाचीच अंगे, आणि सुटे निकेल युरियावर तसे काम करत नाही. या शोधाने वनस्पतिशास्त्रालाही धक्का दिला: वनस्पतींनाही निकेल लागते. निकेलविना वाढवलेल्या सोयाबीनच्या पानांत युरिया साचतो आणि पानांची टोके करपतात, हे १९८० च्या दशकात दिसले.

जठरातले युरिएज १९२४ पासून माहीत होते, पण बराच काळ ते जठराचेच समजले गेले. प्रतिजैविक दिल्यावर ते नाहीसे होते, हे प्राण्यांत १९५० च्या दशकातच दिसले होते. तरी त्याचा मालक असलेला जिवाणू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, प्रयोगशाळेत वाढवायला १९८२ उजाडले. आम्लात तग धरायला त्याला हेच विकर लागते, आणि त्यासाठी निकेल बाहेरून गोळा करावे लागते. श्वासातून होणारी त्याची चाचणीही याच विकरावर चालते.