पॅलेस्टिनी स्वतंत्र चित्रपट आणि लोककथन

पश्चिम किनारा, गाझा पट्टी व पूर्व जेरुसलेम, इस्रायलमधील अरब गावे, जॉर्डन-लेबनॉन-सीरियातल्या निर्वासित छावण्या आणि परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे अशा विखुरलेल्या समाजाने राज्यसंस्थेच्या आधाराविना घडवलेली चित्रपटपरंपरा. इतर देशांत स्वतंत्र चित्रपट हा धंदेवाईक चित्रपटसृष्टीला पर्याय म्हणून उभा राहतो. इथे अशी चित्रपटसृष्टी मुळात उभीच राहिली नाही. प्रयोगशाळा, वितरक, चित्रपटगृह, अभिलेखागार यांतले जे जे नव्हते, ते लोकांनी आपापल्या परीने भागवून नेले. म्हणून या परंपरेचा इतिहास दिग्दर्शकांच्या यादीने पुरा होत नाही. कॅमेरा कोणाच्या हाती होता, रिळे कोणी सांभाळली आणि पडदा कुठे लागला, हेही सांगावे लागते.

या समाजात गोष्ट सांगण्याची रीत अर्थातच कॅमेऱ्याहून जुनी आहे. हिवाळ्याच्या संध्याकाळी घरातल्या वयस्क बायका मुलांना आणि लेकीसुनांना ज्या कथा सांगत, त्यांना हिकाया म्हणतात. पुरुषांनी तिथे बसणे शिष्टसंमत नव्हते. ‘ईश्वर एक आहे म्हणा’ असे सांगणारी म्हणे, श्रोते कलमा उच्चारत आणि मग गोष्ट सुरू होई. भाषा खेड्यातली किंवा शहरातली, पण बोलीच. कथांमध्ये सवती, सासवा, हट्टी मुली आणि घुला नावाची राक्षसीण यांची गर्दी. युनेस्कोने २००५ मध्ये या कथनप्रकाराची मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून घोषणा केली आणि २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. पुढे माहितीपटांत आजीला बोलते करण्याची जी रीत वारंवार दिसते, तिचे मूळ या बैठकीत शोधणे अगदीच चुकीचे ठरू नये.

पहिला पॅलेस्टिनी चित्रपट म्हणून इब्राहिम हसन सरहान याने १९३५ मध्ये केलेल्या चित्रणाचा उल्लेख होतो. सौदी राजपुत्र सौद यांच्या पॅलेस्टाइन भेटीचे ते चित्रण होते. ते आज उपलब्ध नाही. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यांत सरहानही होता. पुढे १९७० च्या दशकात इराकी दिग्दर्शक कासिम हवाल यांना तो बेरूतमधील शातिला छावणीत भेटला आणि त्या मुलाखतीमुळे हा प्रारंभ नोंदला गेला. एका चित्रपटपरंपरेची सुरुवात निर्वासित छावणीतल्या तोंडी साक्षीवर उभी असावी, हे पुढच्या सगळ्या इतिहासाला साजेसेच आहे.

१९४८ नंतरची दोन दशके जवळजवळ रिकामी आहेत. १९६८ मध्ये सुलाफा जादल्ला, हानी जव्हारिया आणि मुस्तफा अबू अली यांनी अम्मानमध्ये पॅलेस्टाइन फिल्म युनिट सुरू केले. सुलाफा जादल्ला कैरोत छायाचित्रण शिकलेल्या होत्या आणि अरब जगातल्या पहिल्या स्त्री छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. जॉर्डनमधील १९७० च्या यादवीनंतर युनिट बेरूतला हलले. ते फताह या पॅलेस्टिनी राजकीय-सशस्त्र संघटनेशी जोडलेले असल्यामुळे त्या काळातले चित्रपट उघडउघड प्रचारी आहेत, हे मान्य करायला हवे. तरी अबू अली यांचा ‘ते अस्तित्वातच नाहीत’ (१९७४) हा माहितीपट आजही पाहण्याजोगा आहे. ‘पॅलेस्टिनी असे कोणी नव्हतेच’ या अर्थाच्या, इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर यांच्या उद्गाराला शीर्षकातून उत्तर देत तो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या नबातिया छावणीत नेतो. १९७६ मध्ये लेबनॉनच्या डोंगराळ भागात चित्रीकरण करत असतानाच जव्हारिया मारले गेले.

युनिटने जमवलेला चित्रपटसंग्रह १९८२ च्या इस्रायली आक्रमणात बेरूतमधून नाहीसा झाला. त्यातला काही भाग इस्रायली लष्कराच्या संग्रहात असल्याचे इस्रायली संशोधिका रोना सेला यांच्या कामातून पुढे आले. जे प्रिंट परदेशी मित्रसंघटनांना पाठवलेले होते, तेवढे मात्र वाचले. टोकियोत जपानी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे जपलेली सोळा मिलिमीटरची वीस रिळे रीम शिल्ला आणि मोहनद याकूबी यांच्या ‘सबव्हर्सिव्ह फिल्म’ या गटाने २०२२ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात मांडली. दिग्दर्शक कमाल अलजाफरी यांची पद्धत वेगळी आहे. जाफा शहरात चित्रित झालेल्या इस्रायली कथापटांतून त्यांनी पुढचे नट पुसून टाकले आणि मागे चुकून टिपली गेलेली घरे, गल्ल्या व वाटसरू यांवरच चित्रपट उभा केला. ज्याच्याकडे स्वतःचा संग्रह उरला नाही, त्याने दुसऱ्याच्या चित्रपटाची पार्श्वभूमी आपली म्हणून परत घ्यावी, यापेक्षा नेमकी युक्ती सापडणे कठीण.

प्रचारापासून दूर जाणारे वळण मिशेल ख्लेफी यांनी दिले. नाझरेथमध्ये जन्मलेले ख्लेफी १९७० मध्ये बेल्जियमला गेले आणि तिथून परतून त्यांनी ‘सुपीक स्मृती’ (१९८०) केला. त्यात दोन स्त्रिया आहेत: कादंबरीकार सहर खलीफा आणि ख्लेफींची विधवा मावशी रोमिया. मावशी इस्रायली कापड कारखान्यात राबते. तिची जमीन सरकारजमा झालेली आहे. मोबदला घेऊन टाक, असे घरचेच समजावतात. ती ऐकत नाही. घोषणा नाही, बंदूक नाही. एक बाई नुसती ‘नाही’ म्हणत राहते. ख्लेफींच्या ‘गॅलिलीतील लग्न’ला १९८७ मध्ये कान महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. एलिया सुलेमान, हानी अबू असद, अ‍ॅनमरी जासिर हे पुढचे दिग्दर्शक जगभर पोचले, त्यामागे ही वाट होती.

व्हिडिओ कॅमेरा स्वस्त झाल्यावर चित्रण करणारा आणि चित्रित होणारा यांतले अंतर मिटत गेले. मै मासरी यांनी ‘शातिलाची मुले’ (१९९८) करताना छावणीतल्या दोन मुलांच्या हाती छोटे कॅमेरे दिले आणि मुले म्हाताऱ्यांना गावाबद्दल प्रश्न विचारू लागली. २००२ मध्ये लेबनॉनमध्ये सुरू झालेल्या नकबा (१९४८ चे विस्थापन) अभिलेखाने विस्थापित पिढीच्या शेकडो मुलाखती व्हिडिओवर नोंदवल्या. २००७ पासून बत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेने पश्चिम किनाऱ्यावरील कुटुंबांना कॅमेरे वाटले. २०१६ मध्ये हेब्रॉनला जमिनीवर जखमी पडलेल्या पॅलेस्टिनी तरुणावर सैनिकाने गोळी झाडली, ते दृश्य अशाच एका स्वयंसेवकाने टिपले आणि ते लष्करी न्यायालयात मुख्य पुरावा ठरले.

याच काळातला गाजलेला माहितीपट म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील बिलिन गावच्या एमाद बुर्नात यांचा ‘पाच मोडके कॅमेरे’ (२०११). धाकट्या मुलाच्या जन्माच्या वेळी, २००५ मध्ये, त्यांनी कॅमेरा आणला. त्याच सुमारास गावाची शेती तोडून इस्रायली विभाजक कुंपण टाकण्याचे काम सुरू होते आणि दर शुक्रवारी मोर्चा निघू लागला. कॅमेरे एकामागून एक फुटत गेले. कधी गोळी लागून, कधी अश्रुधुराच्या नळकांड्याने. प्रत्येक कॅमेऱ्याचे आयुष्य म्हणजे चित्रपटाचे एकेक प्रकरण. मधल्या काळात मूल चालू लागते आणि त्याच्या पहिल्या शब्दांत ‘सैन्य’ हा शब्द असतो. चित्रपटाचे सहदिग्दर्शक इस्रायली होते. तसेच सहकार्य ‘दुसरी भूमी नाही’ (२०२४) या, पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिणेतील मसाफेर यत्ता वस्त्यांमधल्या इस्रायली पाडकामांवरील माहितीपटात दिसते. बासेल अद्रा व हमदान बल्लाल हे पॅलेस्टिनी आणि युवाल अब्राहम व रेचेल सोर हे इस्रायली अशा चौघांनी तो केला. २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले, तरी अमेरिकेत वितरक मिळाला नाही. असे सहकार्य पॅलेस्टिनी वर्तुळात सर्वांना रुचत नाही, आणि तो वाद मिटलेला नाही.

पैशाचा प्रश्नही तसाच बिकट. बहुतेक कथापट फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स यांच्या सहनिर्मितीतून होतात. इस्रायलचे अरब नागरिक कर भरतात, म्हणून सरकारी निधीवर त्यांचा हक्क आहे, असे सुहा अर्राफ यांचे म्हणणे. पण २०१४ मध्ये ‘व्हिला तौमा’ हा चित्रपट त्यांनी व्हेनिसला पॅलेस्टिनी म्हणून नोंदवला, तेव्हा निधी देणाऱ्यांनी पैसे परत मागितले. शेवटी चित्रपट कोणत्याच देशाच्या नावाविना दाखवला गेला. अबू असद यांच्या ‘ओमर’ (२०१३) साठी बहुतांश पैसा पॅलेस्टिनींनीच उभा केला होता, तो अपवाद.

गाझातल्या शाती छावणीत जन्मलेल्या रशीद मशरावी यांनी ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात तिथल्या कलावंतांकडून २२ लघुपट करवून घेतले. ‘ग्राउंड झीरोमधून’ (२०२४) या नावाने ते एकत्र आले आणि पॅलेस्टाइनतर्फे ऑस्करच्या प्राथमिक यादीपर्यंत गेले. एका लघुपटात मुले कागद कापून चलच्चित्र करतात; मृत्यूनंतर ओळख पटावी म्हणून आईने अंगावर नाव लिहिले होते, हा त्यांचाच अनुभव त्यात आहे. दुसरा गाढवगाडी हाकणाऱ्याची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबतो. दिग्दर्शिका स्वतः समोर येते आणि भाऊ मारला गेल्याने चित्रपट पुरा करता आला नाही, असे सांगते. संग्रहात दर्जा सारखा नाही. हे दोन मात्र विसरता येत नाहीत.

दाखवण्याची अडचण वेगळीच. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावाच्या काळात, १९८७ पासून, बहुतेक चित्रपटगृहे बंद पडली. पश्चिम किनाऱ्यावरील जेनिन शहरातले चित्रपटगृह २०१० मध्ये देणग्यांवर पुन्हा उघडले, पण काही वर्षांतच बंद होऊन पाडले गेले. त्यामुळे पडदा शाळा, महाविद्यालये आणि छावण्यांतल्या मंडळांकडे गेला. मशरावी यांनी १९९६ मध्ये रामल्लात निर्मिती-वितरण केंद्र काढून फिरता चित्रपट सुरू केला. आलिया अरासुगली यांची २००५ पासूनची ‘शाशात’ ही संस्था तरुणींना चित्रपट शिकवते आणि त्यांचे लघुपट गावोगावी दाखवून चर्चा घडवते. २०१४ मध्ये हन्ना अताल्ला यांनी स्थापलेली फिल्मलॅब पॅलेस्टाइन ही संस्था दरवर्षी ‘पॅलेस्टाइन सिनेमा डेज’ हा महोत्सव भरवते. २०२३ मध्ये युद्धामुळे तो रद्द झाला, तेव्हा बाल्फोर जाहीरनाम्याच्या (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनने दिलेल्या पाठिंब्याच्या) तारखेला, २ नोव्हेंबरला, अनेक देशांत एकाच दिवशी खेळ लावण्यात आले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला हा उपक्रम पुन्हा झाला.