शिसं, चावी आणि कोल्हापूरचं पाणी

खणलेल्या रस्त्यात बिडाचे दोन पाइप एकात एक बसवलेले, फटीत सुतळी ठोकून भरलेली. काठावरच्या शेगडीवर लोखंडी पळीत शिसं वितळतंय. पाइपाभोवती ओल्या मातीचं कडं करून वरच्या तोंडातून ते ओतायचं आणि गार झालं की छिन्नी-हातोड्यानं ठोकून घट्ट करायचं. आम्ही पोरं खाली सांडलेले चकचकीत थेंब वेचून खिशात घालायचो. कुणी ओरडायचं नाही.

नळ आणि शिसं यांची सोयरीक त्याहून कितीतरी जुनी. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात, आपला ‘प्लंबर’ त्यातूनच आला. रोममध्ये शिशाचे नळ सर्रास होते. शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे फिकट पडतात, तेव्हा पाणी मातीच्या नळातून आणलेलं बरं, असं व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानं दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. तरी एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेनं घरोघरी शिशाचेच नळ टाकले, कारण ते वाकवायला सोपे आणि लवकर गंजत नाहीत. शिकागोत तर १९८६ मध्ये देशभर बंदी येईपर्यंत घरजोडणीला शिशाचाच पाइप सक्तीचा होता. २०१४ मध्ये मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरानं खर्च वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला. नव्या पाण्यात नळ खाऊ न देणारं रसायन घातलं नाही. जुन्या नळांच्या आतला थर सुटला आणि शिसं थेट पेल्यात उतरलं.

कोल्हापूरचा इतिहास वेगळ्या वाटेनं गेला. १८८० च्या दशकात कळंबा तलाव बांधला गेला, त्याचं पाणी उतारानं शहरात यायचं. मंगळवार पेठेतलं ‘पाण्याचा खजिना’ हे नाव त्या काळाची आठवण. पुढे शहर वाढलं, पंचगंगेचं पाणी उपसून आणावं लागलं. नदीत सांडपाणी मिसळू लागल्यावर पाणी म्हटलं की कावीळ आठवायची. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली, तेव्हा घराघरांत पाणी उकळायची भांडी चढली. ‘थेट पाइपलाइन’साठी लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले. अखेर २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी सुमारे ५३ किलोमीटरवरून शहरात पोहोचलं. सगळी भांडणं पाणी कुठून यावं यावर झाली. रस्त्यातल्या वाहिनीपासून स्वयंपाकघरातल्या चावीपर्यंतचा (आमच्याकडे नळाच्या तोटीला चावी म्हणतात) टप्पा कुणाच्या निवेदनात दिसला नाही.

आपल्याकडे घरजोडणीला जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा पाइप रूढ झाला, त्यामुळे फ्लिंटची गोष्ट जशीच्या तशी इथे लागू नाही. बिडाच्या पाइपातलं शिसं सुतळीच्या मागे, पातळ कड्यापुरतं असतं. त्याच्या नावानं शंख करण्यात फार अर्थ नाही, असं मला वाटतं. शिसं आपल्याकडे आलं ते लहानसहान वाटांनी. जीआयवरच्या जस्ताच्या थरात ते थोडं असू शकतं. पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात शिसं मिसळतात, म्हणजे पितळी चावीही आलीच. कल्हईचंही तसंच. कथिल महाग आणि शिसं स्वस्त, दोन्ही दिसायला रुपेरी. कल्हईवाल्यानं भेसळीचं कथिल वापरलं तर आमटीच्या पातेल्यातच शिसं.

मात्र आजच्या घरांत सगळ्यात मोठा प्रश्न पीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपांचा. तापवून पाइप ओढताना पीव्हीसी विघटित होऊ नये म्हणून त्यात शिशाची संयुगं घालण्याची पद्धत होती. कॅल्शियम-जस्ताचा पर्याय होता, पण शिसं स्वस्त पडायचं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये यात लक्ष घातलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधल्या शिशाबाबत स्वतंत्र नियम काढले. त्याआधी भिंतीत गाडलेले पाइप अर्थातच तिथेच आहेत.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. १९९१ च्या मानकात ही मर्यादा ०.०५ होती. घरातल्या दोनशे लिटरच्या बॅरलचा हिशोब केला तर सगळ्या पाण्यात मिळून दोन मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचा फार तर दहावा हिस्सा. त्याला चव, वास, रंग काही नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि त्यांच्यासाठी सुरक्षित म्हणता येईल असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काविळीनं शिकवलेले उपाय इथे उपयोगी नाहीत. उकळल्यानं जंतू मरतात, पण पाणी आटून शिशाचं प्रमाण उलट वाढतं. तुरटी आणि क्लोरिनवर विसंबता येत नाही. यूव्हीचा फिल्टर जंतूंपुरता, आरओ मात्र शिसं बऱ्यापैकी काढतो. मऊ किंवा आम्लधर्मी पाणी आणि पाइपात तासन्‌तास साचलेलं पाणी शिसं जास्त उचलतं. रात्रभर नळात थांबलेलं पाणी सकाळी सगळ्यात आधी बाहेर येतं.

आमच्या घरी चावीला पाणी आलं की पहिली घागर कधी पिण्याला भरायची नाही, असा आजीचा दंडक होता. पहिलं पाणी गढूळ येतं एवढंच तिचं म्हणणं. ती घागर अंगणात सड्याला जायची आणि मग माठ भरला जायचा.