काच खाणारं सौम्य आम्ल

हायड्रोफ्लुओरिक आम्ल काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही. काचेतल्या सिलिकाशी त्याची अभिक्रिया होते आणि बाटली आतून झिजत जाते, म्हणून ते प्लास्टिकच्या बाटलीत येतं. आता हे आम्ल तीव्र की सौम्य, असं विचारलं तर बहुतेक जण बेधडक 'तीव्र' म्हणतील. पाठ्यपुस्तकात मात्र ते सौम्य आम्लांच्या रांगेत बसलेलं असतं, आणि तिथे छपाईची चूक नाही.

रोजच्या बोलण्यात 'स्ट्राँग अ‍ॅसिड' म्हणजे जे भाजतं, फरशीवर ओतलं की फसफसतं ते. रसायनशास्त्रात तीव्रता ठरते ती एकाच गोष्टीवर: पाण्यात गेल्यावर आम्लाचे किती रेणू आपला हायड्रोजन आयन सोडून देतात. ही विचरणाची कल्पना स्वान्टे अऱ्हेनियसने १८८४ साली उप्सालाच्या प्रबंधात मांडली, तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. १९०३ साली याच कामाला नोबेल मिळालं. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे रेणू विचरण पावतात, म्हणून ते तीव्र. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाचं ०.१ मोलर द्रावण घेतलं तर शंभरातला एखादाच रेणू फुटतो. संहत आणि विरल हा हिशोब निराळा, तो पाण्यात आम्ल किती घातलंय याचा. अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य असूनही संहत असेल तर कातडी भाजतं.

सौम्य म्हणजे 'कमी आम्ल' असंही नाही. दोन चंचुपात्रांत २५-२५ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल घ्या, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब टाका (आम्ल संपलं की तो गुलाबी होतो) आणि ब्युरेटमधून तितक्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. सुरुवातीला पहिल्याचा सामू (pH) १ च्या आसपास, दुसऱ्याचा २.९. तरी दोन्हीकडे गुलाबी छटा येते ती २५ मिलीलाच. अ‍ॅसेटिक आम्लाने सोडलेले थोडे हायड्रोजन आयन अल्कलीने संपवले की उरलेल्या रेणूंपैकी आणखी काही फुटतात, ते संपले की आणखी. शेवटी हिशोब पूर्ण चुकता होतो.

आता हायड्रोफ्लुओरिककडे. फ्लुओरिन हे सगळ्यांत जास्त विद्युतऋण मूलद्रव्य, इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात पहिल्या नंबरचं. मग त्याला चिकटलेला हायड्रोजन सगळ्यांत आधी सुटायला हवा. प्रत्यक्षात ०.१ मोलर द्रावणात शंभरातले आठेक रेणूच फुटतात. पुस्तकातलं उत्तर असं: हायड्रोजन-फ्लुओरिन बंध फार मजबूत, तो तोडायला मोलमागे सुमारे ५६५ किलोज्यूल लागतात, हायड्रोजन-आयोडिनला ३०० च्या आत भागतं. हे खरं आहे, पण अर्धंच.

कारण मोजमापं वेगळंच काही दाखवतात. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या उदासिनीकरणात मोलमागे ५७ किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते. सौम्य आम्लाचे रेणू फोडण्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते, म्हणून तिथे उष्णता कमी निघते, असं आपण शिकलो. हायड्रोफ्लुओरिकला मात्र ६८ किलोज्यूलच्या आसपास निघते, म्हणजे जास्त! याचा अर्थ पाण्यात त्याचा रेणू फुटताना उष्णता बाहेर पडते. बंध तोडायचा खर्च मोठा, पण चिमुकल्या फ्लुओराइड आयनाभोवती पाणी गोळा होताना जी ऊर्जा सुटते, तिने तो खर्च भरून निघतो आणि वर थोडी उरते.

मग सगळे रेणू का फुटत नाहीत? आडवी येते ती एंट्रॉपी, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाचं माप. फ्लुओराइड आयन लहान, त्याचा ऋण प्रभार इवल्याशा जागेत एकवटलेला. त्याच्याभोवती पाण्याचे रेणू रिंगण धरतात आणि मोकळं हिंडणं सोडून देतात. निसर्गाच्या हिशोबात ही शिस्त महाग पडते: ऊर्जेत मोलमागे साधारण १३ किलोज्यूल मिळवले, एंट्रॉपीपायी त्याच्या दुपटीहून जास्त गमावले. बेरीज उणे, आम्ल सौम्य. आयोडाइड मोठा, त्याचा प्रभार ऐसपैस पसरलेला. पाण्याला तो असा बांधून ठेवत नाही.

आणि हा सौम्यपणाच शरीराला घातक ठरतो. न फुटलेल्या रेणूवर प्रभार नसतो, त्यामुळे तो कातडीतून खोलवर झिरपतो. आत गेल्यावर फ्लुओराइड कॅल्शियमला धरून बसतो, रक्तातलं कॅल्शियम घटतं आणि हृदय बंद पडू शकतं. विरल द्रावण लागलं तर कित्येक तास दुखतही नाही. म्हणून त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात, आणि तेही लगोलग, दुखण्याची वाट न पाहता.

उलट टोकाला कार्बोरेन आम्ल. कॅलिफोर्नियात क्रिस्तोफर रीड यांच्या गटाने २००४ साली जाहीर केलेलं हे आम्ल शुद्ध सल्फ्युरिक आम्लाच्या निदान दहा लाख पट तीव्र, आणि ठेवतात चक्क काचेच्या बाटलीत. त्याच्या ऋण आयनात अकरा बोरॉन आणि एक कार्बन यांचा बंदिस्त पिंजरा असतो. प्रभार त्या पिंजऱ्यावर इतका पसरतो की तो आयन कशावरच हल्ला करत नाही.

अल्कलींचं गणितही असंच फसवं. पानाला लावतो तो चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीव्र आम्लारी आहे. फक्त लिटरभर पाण्यात तो दोन ग्रॅमही विरघळत नाही. विरघळतो तेवढा मात्र जवळपास पूर्ण फुटतो, आणि निवळीचा सामू १२ च्या वर जातो. मिल्क ऑफ मॅग्नेशियातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिटरला काही मिलिग्रॅमच विरघळतं, म्हणून पिता येतं. अमोनिया भरपूर विरघळतो, पण त्याच्या रेणूंपैकी फारच थोडे पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतात, म्हणून खरा सौम्य तो.

राहता राहिलं हजारो रुपयांच्या यंत्रातून येणारं 'अल्कलाइन पाणी', जे म्हणे शरीरातली आम्लता घालवतं. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राखायला फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं समर्थ आहेत. जठरात तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लच असतं. पाण्याचा सामू ९ धरा, त्यात इतर क्षार नाहीत असं समजा आणि जठररसाचा सामू २ घ्या. तर लिटरभर पाण्यातली सगळी अल्कली संपवायला जठररस लागेल एक मिलिलीटर.