८२चा पट्टा १२०वर: सर्ट-१च्या अँटीबॉडीमागची पार्श्वभूमी

जळगावात एम.एस्सी.च्या मुलांसोबत वेस्टर्न ब्लॉटची फिल्म उजेडात धरली की एक तक्रार हमखास येते. (वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रथिनं जेलमधून वजनाप्रमाणे वेगळी करून, हवं ते प्रथिन त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीने पट्ट्यासारखं दाखवायची पद्धत.) सर्ट-१ हे माणसाचं प्रथिन ७४७ अमिनो आम्लांचं, हिशेबाने वजन सुमारे ८२ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक). फिल्मवर पट्टा मात्र ११० ते १२०च्या आसपास. "सर, अँटीबॉडी खराब आलीय." गेल्या मे महिन्यात एका मुलीने याच समजुतीने चांगला ब्लॉट टाकायला काढला होता. तो वाचला.

या प्रथिनाचं मूळ माणसात नाही, यीस्टमध्ये सापडलं. भारतात जन्मलेले अमर क्लार आणि त्यांचे सहकारी यीस्टच्या लिंगप्रकारावर काम करत होते. गुणसूत्रावरची काही जनुकं गप्प ठेवणारा एक घटक त्यांनी १९७९मध्ये नोंदवला. तोच पुढे सर-२ म्हणून ओळखला गेला. वीस वर्षं हा विषय यीस्टवाल्यांपुरताच होता. मग १९९९मध्ये लेनर्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की सर-२ची एक जादा प्रत दिली तर यीस्टची पेशी सुमारे ३० टक्के जास्त वेळा विभागते. पुढच्याच वर्षी शिनइचिरो इमाई आणि त्याच गटाने त्याचं कामही उकललं: एनएडी खर्चून दुसऱ्या प्रथिनांवरचा एक छोटा रासायनिक अ‍ॅसिटिल गट काढणं. एनएडी म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या व्यवहारातलं चलन. त्यामुळे उपासमार, चयापचय आणि म्हातारपण एका धाग्यात आले, आणि संशोधकांची गर्दी उसळली.

माणसातली भावंडं रॉय फ्राय यांनी १९९९ आणि २०००मध्ये मोजली. एकूण ७. सर्ट-१, ६ आणि ७ मुख्यतः केंद्रकात, २ पेशीद्रवात, ३, ४, ५ मायटोकॉन्ड्रियात. २००३मध्ये द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल सर्ट-१ला चालना देतं असं प्रसिद्ध झालं आणि आयुष्य वाढवण्याच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. त्यावर बरेच वाद झाले. २०११मध्ये कृमी आणि फळमाशीतल्या आयुष्यवाढीच्या दाव्यांनाही आव्हान मिळालं. या वादांत अँटीबॉडीवरचा विश्वास कळीचा असतो, कारण प्रथिन वाढलं की घटलं हे बहुतेकदा तिच्या भरवशावरच ठरतं.

अँटीबॉडी आपल्या भागाला परकी नाही. कापसाच्या शेतात साप चावला की दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, त्यातल्या अँटीबॉडी घोड्याच्या रक्तातून येतात. प्रयोगशाळेत घोड्याच्या जागी ससा किंवा उंदीर असतो आणि विषाच्या जागी सर्ट-१चा एखादा तुकडा. सशाच्या रक्तात अनेक प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण मिळतं. ससा बदलला की मिश्रणही बदलतं. एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी बनवायची वाट केंब्रिजच्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५मध्ये काढली, १९८४चं नोबेल त्यांना मिळालं. ब्लॉटची पद्धत १९७९ची, टोबिन यांच्या गटाची. सदर्न नावाच्या शास्त्रज्ञाचा डीएनए ब्लॉट आधीच होता, म्हणून बर्नेट यांनी १९८१मध्ये या पद्धतीला 'वेस्टर्न' म्हटलं.

आता तो पट्टा. सर्ट-१चा मधला गाभा घट्ट, पण दोन्ही टोकं लांब, सैल आणि आम्लधर्मी. अशा भागांना एसडीएस (प्रथिनांना चिकटून त्यांना जेलमधून वजनाप्रमाणे चालवणारं साबणासारखं रसायन) नीट चिकटत नाही, म्हणून प्रथिन जेलमधून रेंगाळत जातं आणि असतं त्यापेक्षा जड दिसतं. सर्ट-३चं उलट: पूर्ण प्रथिन ४४ किलोडाल्टनचं, पण मायटोकॉन्ड्रियात शिरताना टोक कापलं जातं आणि पट्टा २८वर येतो. दोन्हीकडे चुकीचा आकडा बघून बरोबर पट्टा नाकारला जाऊ शकतो.

उलटं जास्त धोक्याचं: बरोबर आकड्यावरचा चुकीचा पट्टा. निकृष्ट अँटीबॉडींमुळे संशोधनाचा पैसा वाया जातो, ही ओरड २०१५मध्ये 'नेचर'मध्ये शंभरावर शास्त्रज्ञांच्या सहीने झाली. माझ्या मते एकच पुरावा निर्णायक: ज्या पेशीत ते जनुकच काढून टाकलंय किंवा दाबलंय, तिचा नमुना जेलच्या शेजारच्या रांगेत (लेनमध्ये) चालवायचा. अँटीबॉडीसोबत कंपनी देते त्या डाटाशीटवरचं चित्र पुरेसं नाही.

त्या मुलीने हेच केलं. सर्ट-१ दाबलेल्या पेशींत १२०चा पट्टा जवळजवळ नाहीसा झाला. ८०च्या आसपास एक फिकट पट्टा होता, तो मात्र जसाच्या तसा राहिला. आदल्या दिवशी ती त्यालाच सर्ट-१ समजत होती.