रीसेट मारून हवा येत नसते

डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेले, बाहेर चांगलीच थंडी, आणि चुलतभावाचा फोन. "दादा, तुझ्याकडं हवा बघायचा गेज हाय न्हवं? घेऊन ये की जरा." त्याची टुरिस्ट परमिटची गाडी आहे, अंबाबाई, जोतिबा, नरसोबाची वाडी अशा ट्रिपा मारतो, गाडीला चार वर्षं झालीत आणि दुसऱ्या दिवशी पासिंग. असल्या गाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, तारीख चुकवून चालत नाही. आणि नेमका डॅशबोर्डवर तो पिवळा लाईट, घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मधे उद्गारचिन्ह.

मी गेलो तर म्हणतो कसा, "तीन दिवसांमागं पण आलेला, मी मेनूत जाऊन रीसेट मारला, गेला. आज परत आलाय बघ. सेन्सर गंडलाय वाटतं."

सेन्सर काही गंडला नव्हता, खरं तर त्याच्या गाडीच्या चाकात हवेचा सेन्सरच नाही. हे ऐकून तो माझ्याकडं असा बघायला लागला की मीच गंडलोय.

टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवून हा लाईट लावणाऱ्या सिस्टिमला टीपीएमएस म्हणतात आणि ती दोन जातीची असते. एकात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्वच्या बुडाला एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्यात बटण सेलसारखी बॅटरी, तो हवेचा दाब मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. अशा गाडीत बहुतेक वेळा स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसतात. दुसऱ्या जातीत चाकात काहीच नसतं, तिथं एबीएसचे सेन्सर वापरतात, म्हणजे ब्रेक लॉक होऊ नये म्हणून प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे जे सेन्सर असतात तेच. आपल्याकडं 1 एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळं कंपनीला ही दुसरी जात स्वस्तात पडते, सेन्सर आधीच आहेत, फक्त हिशोब करणारा प्रोग्राम टाकायचा.

हिशोब मजेशीर आहे. टायरमधली हवा कमी झाली की तो थोडा बसतो, म्हणजे आसापासून रस्त्यापर्यंतचं अंतर कमी होतं, आणि लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त चकरा माराव्या लागतात. 185/65 आर 15 असा टायर धरा, त्याचा घेर साधारण 1.95 मीटर, म्हणजे एका किलोमीटरला 512 च्या आसपास चकरा. त्याची त्रिज्या एक मिलीमीटरनं जरी कमी झाली तरी किलोमीटरमागं दीड-पावणेदोन चकरा जास्त होतात. चार चाकात एकच जर सारखं पुढं पुढं पळायला लागलं तर गाडी म्हणते, इथं काहीतरी आहे. रेडियल टायरच्या आत स्टीलचे पट्टे असतात त्यामुळं घेर फारसा आकसत नाही, म्हणून हल्लीच्या सिस्टिम चाकाच्या थरथरण्यावरनं पण अंदाज घेतात, पण मुळात काम तुलनेचंच. आणि तुलना कशाशी, तर तुम्ही शेवटचं रीसेट मारलं तेव्हा जे होतं त्याच्याशी!

म्हणजे रीसेट मारताना तुम्ही गाडीला सांगता की "आत्ता आहे ते बरोबर आहे, हे लक्षात ठेव." भावानं तीन दिवसांपूर्वी एका चाकात हवा कमी असताना हे सांगितलं, गाडीनं गुमान ऐकलं, लाईट विझवला आणि ती कमी हवाच बरोबर धरून बसली. पुढं हवा अजून उतरली तेव्हा बिचारी परत बोंबलली.

गेज लावला. पुढची दोन्ही 27 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं पंपावरचं नेहमीचं माप), मागचं उजवं 28, मागचं डावं 18. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर सांगत होता 33. (टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो, 44 किंवा 51 वगैरे, तो टायरची जास्तीत जास्त मर्यादा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हे मी किमान दहा जणांना सांगितलंय आणि त्यातल्या निम्म्यांना अजून पटलेलं नाही.)

डाव्या चाकाचं समजलं, पण बाकीची 27-28 का? भाऊ म्हणाला, "आठवड्यामागं चारीत 33 भरलीय, पंपावरच." कधी भरलीस? "बेळगावास्नं आल्या आल्या, दुपारी." तिथंच घोळ. हवा तापली की दाब वाढतो, गार झाली की उतरतो, आणि हा हिशोब पूर्ण दाबावर आणि पूर्ण तापमानावर करायचा असतो, म्हणजे गेजवरच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवून आणि सेल्सिअसमध्ये 273 मिळवून. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, बाहेरचा दाब साधारण 13.7 पीएसआय. हायवेवरून पळून आलेल्या टायरातली हवा 55 अंश धरली तर 33 अधिक 13.7, म्हणजे 46.7. पहाटे तोच टायर 15 अंशावर आला की 46.7 गुणिले 288 भागिले 328, उत्तर 41, त्यातनं 13.7 वजा केले की गेजवर दिसणार 27. एक थेंब हवा न गळता सहा पीएसआय गायब! त्यात रबरातनं हवा महिन्याला एक-दोन पीएसआय झिरपते ती वेगळीच.

म्हणून हवा गार टायरला बघायची, गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा, नाहीतर किमान तीन तास थांबलेली असेल तेव्हा. पंप लांब असला तर घरी गेजनं बघून ठेवायचं किती कमी आहे, आणि पंपावर गेल्यावर तेवढीच वाढवायची, मशीन काय दाखवतंय ते सोडून द्यायचं. नायट्रोजन भरला तरी हेच गणित लागू, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, त्यालाही थंडी वाजते.

आणि यातच या तुलनेवाल्या सिस्टिमची एक खोड लपलीय. थंडीनं चारही टायर सारखेच उतरले तर नुसत्या तुलनेला काही कळतच नाही, चौघेही सारखेच लंगडे. म्हणजे भावाची तीन चाकं 27-28 वर होती त्याबद्दल गाडीनं चकार शब्द काढला नाही. चाकात सेन्सर असलेल्या गाडीत हे कळतं, पण तिथंही लाईट पेटेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. अमेरिकेत टायर फाटून गाड्या उलटायच्या प्रकरणानंतर 2000 साली कायदा झाला, त्यातनं जो नियम आला तो सांगतो की ठरलेल्या दाबापेक्षा 25 टक्के कमी झालं की लाईट लागला पाहिजे. 33 चे 25 टक्के कमी म्हणजे पावणेपंचवीस. ढोबळ हिशोब करा, 1200 किलोची गाडी, एका चाकावर 300 किलो, 33 पीएसआयला टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण 130 चौरस सेंटीमीटर, म्हणजे हाताच्या पंज्याएवढा, आणि पावणेपंचवीसला तोच 170 च्या वर. तेवढा टायर प्रत्येक चकरेला दबतो, सुटतो, तापतो, आणि कडेनं झिजतो. पासिंगला टायरची नक्षी किमान 1.6 मिलीमीटर लागते आणि ती मधे भरपूर पण कडेला साफ असली तर काय उपयोग.

लाईट कसा लागतो तेही बघायचं. लागला आणि लागलेलाच राहिला तर हवा कमी. गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर मात्र सिस्टिममध्येच बिघाड, चाकात सेन्सर असेल तर बहुतेक वेळा त्याची बॅटरी संपलेली, ती पाच ते दहा वर्षं चालते आणि वेगळी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. नाहीतर टायर काढताना पंक्चरवाल्याच्या टॉमीनं तो मोडलेला. इंग्लंडात पासिंगला एमओटी म्हणतात, तिथं 1 जानेवारी 2012 पासून रस्त्यावर आलेल्या कारमध्ये हा बिघाडाचा लाईट असला तर गाडी सरळ नापास.

भावाचा लाईट स्थिर होता. उचगावकडं एका पंक्चरवाल्याकडं गेलो, त्यानं डावं चाक फिरवून खिळा शोधला, सापडला नाही, मग व्हॉल्वचं टोपण काढून बोटानं थुंकी लावली आणि म्हणाला बघा. बघतोय तर त्या थुंकीचा मोहरीएवढा फुगा हळूहळू वर येतोय, टचकन फुटतोय, परत दुसरा. व्हॉल्वच्या आतली पिन गळत होती. पिन बदलली, परत थुंकी, यावेळी फुगा नाही. चारीत हवा भरली. आता गाडी तिथवर थोडी चालली होती म्हणून मी 34 करायला लावली, आणि मगच भावाला म्हटलं, मार आता तुझा तो रीसेट. मारला की लगेच होत नसतं, गाडीला थोडं पळून नव्यानं शिकावं लागतं, म्हणून कागलपर्यंत जाऊन आलो, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं रांगत रांगत, येताना चहा घेतला. लाईट काही आला नाही.

घरी आल्यावर भाऊ खुशीत, म्हणाला झालं बघ, उद्या बिनधास्त. मी म्हटलं, "स्टेपनी बघितलीस काय रं?" त्याच्या गाडीचं स्टेपनीकडं लक्षच नसतं, फिरणारं चाक असलं तर वेग मोजणार ना. डिकी उघडली, नारळाची पोती, पाण्याचे बॉक्स, कुणाची तरी राहिलेली चप्पल, सगळं बाहेर काढलं आणि गेज लावला. 11.